डाय टाकून आणि डाय न टाकता : मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयचा इतिहास

मेंदूचा एमआरआय करायचा म्हटलं की रुग्णाचा किंवा नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, डाय टाकणार का?" विचारणाऱ्यांचे दोन गट असतात. एका गटाला भीती वाटते की डायमुळे किडनी खराब होईल. दुसऱ्या गटाला वाटतं की डाय टाकला नाही तर तपासणी अर्धवटच राहील, पैसे वाया जातील. मेंदूच्या ऑपरेशनआधी 'फंक्शनल एमआरआय' सांगितला की हा गोंधळ आणखी वाढतो. या तपासणीत मेंदूचा कोणता भाग बोलण्याचं काम करतो, कोणता हात हलवतो, हे पाहायचं असतं. मग एवढं बारीक काम डायशिवाय कसं दिसणार?

उत्तर थोडक्यात असं की आजच्या नेहमीच्या फंक्शनल एमआरआयला इंजेक्शन लागत नाही. पण माणसाच्या मेंदूचा पहिला गाजलेला फंक्शनल एमआरआय मात्र इंजेक्शन देऊनच झाला होता. इंजेक्शन आलं का, वर्षभरात मागे का पडलं, आणि तरीही मेंदूच्या एमआरआयमध्ये आज ते का टिकून आहे, हे समजून घेतलं तर तुमच्या कागदावर 'विथ काँट्रास्ट' लिहिलेलं पाहून घाबरायचं की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

विचार केला की रक्त धावतं

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असतं, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला जवळजवळ २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्याच्याकडे साठा म्हणावा असा काही नसतो. रोज कमवायचं आणि रोज खायचं, असा त्याचा संसार. त्यामुळे मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्ताचा ओघ लगेच वाढवावा लागतो.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट टिपली ती इटलीतल्या तुरिन शहरातल्या आंजेलो मॉस्सो या शास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अपघाताने किंवा आजाराने कवटीचं हाड गेलेले काही रुग्ण त्याच्याकडे होते. हाड नसलेल्या जागी मेंदूची धडधड त्वचेखाली जाणवायची. मॉस्सोने तिचा आलेख काढायचं उपकरण बनवलं. अशाच एका शेतकऱ्याच्या बाबतीत त्याला दिसलं की दुपारी चर्चची घंटा वाजली की मेंदूची धडधड वाढते, पण त्याच वेळी हाताच्या नाडीत तसा फरक पडत नाही. घंटेने प्रार्थनेची आठवण होत होती, आणि नुसत्या आठवणीने मेंदूतलं रक्त हललं होतं.

१८९० साली केंब्रिजमध्ये चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि मांडलं की मेंदू स्वतःच्या कामाच्या गरजेनुसार त्या त्या भागातला रक्तपुरवठा कमीजास्त करतो. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेत जॉन फुल्टन यांनी एका तरुण रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र असतं तिथे, रक्तवाहिन्यांचा गुंता होता आणि त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज बाहेरून ऐकू येत असे. तो वाचायला लागला की आवाज वाढायचा, डोळे मिटून अंधारात बसला की कमी व्हायचा. वास घेतल्याने तसा फरक पडत नसे. म्हणजे 'पाहणं' हे काम कुठे चालतं, ते रक्तानेच सांगितलं होतं.

पण प्रत्येकाच्या कवटीला खिडकी नसते. निरोगी माणसाच्या बंद कवटीतलं रक्त कसं पाहायचं, हा प्रश्न उरला होता.

आत काहीतरी सोडून पाहणं

१९२७ साली पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे एगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडून एक्स-रे काढला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा दिसल्या. आजच्या अँजिओग्राफीची ही सुरुवात. एक्स-रेमध्ये आयोडीन स्वतः दिसतं, म्हणून ते ज्या नळीतून वाहतं ती नळी दिसते. सीटी स्कॅनचा डायही आयोडीनचाच असतो.

याच काळातला एक कडवट धडा इथे सांगायला हवा. १९३० च्या दशकात 'थोरोट्रास्ट' नावाचा डाय फार लोकप्रिय झाला. त्याने चित्र सुरेख यायचं आणि देताना रुग्णाला त्रासही होत नसे. पण त्यात थोरियम होतं, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, आणि तो शरीरातून बाहेर पडत नसे. यकृतात आणि प्लीहेत वर्षानुवर्षं साठून राही. दोन-तीन दशकांनी अशा रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग दिसू लागले. डाय टोचताना काय होतं एवढंच पाहून चालत नाही, तो नंतर जातो कुठे हेही पाहावं लागतं, हे वैद्यकशास्त्र तिथे शिकलं. हा धडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

पुढे १९४० च्या दशकात सेमूर केटी यांनी मेंदूतला एकूण रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत काढली. नंतर किरणोत्सर्गी वायू वापरून आणि १९८० च्या दशकात 'पेट स्कॅन' वापरून मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला प्रवाह मोजता येऊ लागला. पण पेट स्कॅनला किरणोत्सर्गी औषध लागतं, ते बनवणारं यंत्र जवळ लागतं, आणि एका माणसाची तपासणी पुन्हा पुन्हा करता येत नाही.

गॅडोलिनियम कुठून आलं?

१९७० आणि ८० च्या दशकांत एमआरआय आला. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना याच कामासाठी २००३ चं नोबेल मिळालं. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात कसा वागतो, त्यावरून चित्र तयार होतं. त्यामुळे इथे आयोडीनचा उपयोग नव्हता. पाण्याची चुंबकीय वागणूक बदलेल असं काहीतरी हवं होतं.

ते काम गॅडोलिनियम या धातूने केलं. त्याच्या आयनमध्ये सात एकेकटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यामुळे तो छोट्या पण जोरकस चुंबकासारखा वागतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम स्वतः दिसत नाही. त्याच्या शेजारचं पाणी वेगळं वागू लागतं आणि ते पाणी दिसतं. भांड्याच्या तळाशी बुडालेला दगड दिसू नये, पण त्याच्यामुळे पाण्यावर उठलेली वलयं दिसावीत, तसं काहीसं.

अडचण एकच होती. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनसारखा असल्यामुळे तो शरीरात कॅल्शियमच्या कामात ढवळाढवळ करतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला एका रासायनिक पिंजऱ्यात बंद केलं. जर्मनीतल्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी 'गॅडोलिनियम-डीटीपीए' हे संयुग तयार केलं. १९८३ मध्ये ते माणसांना दिलं गेलं आणि १९८८ मध्ये 'मॅग्नेव्हिस्ट' या नावाने त्याला वापराची परवानगी मिळाली. किडनी चांगली असेल तर दीड-दोन तासांत त्यातला निम्मा भाग लघवीवाटे बाहेर पडतो.

मेंदूच्या गाठींसाठी ते लगेच उपयोगी पडलं. त्याचं कारण असं की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत फार पक्की असते. वाटेल तो पदार्थ ती रक्तातून मेंदूत जाऊ देत नाही. गॅडोलिनियमलाही ती अडवते. पण गाठ, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तिथे ही भिंत गळकी होते, गॅडोलिनियम बाहेर झिरपतं, आणि ती जागा चित्रात पांढरी, चमकदार दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये 'एनहान्समेंट' असा शब्द येतो, तो याच अर्थाने.

बॉस्टनमधला प्रयोग

आता खरी गंमत बघा. निरोगी मेंदूत भिंत शाबूत असते, गॅडोलिनियम रक्तवाहिनीतच राहतं. मेंदूच्या आकारमानात रक्ताचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. म्हणजे निरोगी मेंदूत काँट्रास्ट देऊन नेहमीच्या चित्रात फारसा फरक दिसत नाही. मग कामाला लागलेला भाग ओळखायचा कसा?

बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने हा प्रश्न उलटा करून पाहिला. आर्नो व्हिलरिंगर, ब्रूस रोझेन, जॅक बेलिव्हो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की गॅडोलिनियम रक्तवाहिनीच्या आत असलं तरी त्याच्या चुंबकत्वामुळे वाहिनीच्या बाहेरचं, आसपासच्या मेंदूतलं चुंबकीय क्षेत्रही विस्कटतं. त्यामुळे विशिष्ट पद्धतीने चित्र काढलं तर डाय जात असताना तो भाग उजळण्याऐवजी काही सेकंद काळवंडतो. जिथे रक्त जास्त, तिथे काळवंडणं जास्त. म्हणजे चित्र किती काळं झालं यावरून तिथे किती रक्त आहे, हे मोजता येतं.

त्यासाठी चित्रं भराभर काढावी लागतात, कारण डायचा लोंढा मेंदूतून काही सेकंदांत निघून जातो. मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्येच सुचवलेली 'एको प्लॅनर' नावाची वेगवान पद्धत इथे कामी आली. तिच्यामुळे सेकंदापेक्षाही कमी वेळात एक चित्र मिळू शकत होतं.

मग बेलिव्हो यांनी निरोगी माणसांवर साधा प्रयोग केला. माणसाला यंत्रात झोपवायचं, अंधारात ठेवायचं, शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन द्यायचं आणि चित्रं घ्यायची. थोड्या वेळाने डोळ्यांसमोर लुकलुकणारा प्रकाश दाखवायचा, पुन्हा तेवढंच इंजेक्शन द्यायचं आणि पुन्हा चित्रं घ्यायची. दोन्हींतला फरक काढला तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या केंद्रात, रक्ताचं प्रमाण सरासरी ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. सात जणांवरचा हा निष्कर्ष १ नोव्हेंबर १९९१ च्या 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आला आणि त्यातलं चित्र मुखपृष्ठावर झळकलं.

फुल्टन यांना जे कानांनी ऐकू आलं होतं, ते आता डोळ्यांनी दिसत होतं. कवटी बंद, किरणोत्सर्ग शून्य.

पण मर्यादाही तिथेच उघड होती. एक मोजमाप म्हणजे एक इंजेक्शन. हात हलवताना पाहायचं, बोलताना पाहायचं, वाचताना पाहायचं, आणि खात्रीसाठी प्रत्येक गोष्ट दहा वेळा करायची म्हटलं, तर किती इंजेक्शनं देणार? रुग्णाला फायदा होणार असेल तर एक सुई योग्य ठरते. निव्वळ कुतूहलासाठी निरोगी माणसाला वारंवार टोचणं योग्य ठरत नाही.

आपल्याच रक्तातला काँट्रास्ट

यावरचं उत्तर प्रत्येकाच्या शरीरात आधीपासूनच वाहत होतं.

१९३६ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हिमोग्लोबिनचा अभ्यास करताना एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला दाद देत नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन मात्र चुंबकाकडे किंचित ओढलं जातं. तेव्हा हा शुद्ध रसायनशास्त्राचा विषय होता. मेंदूच्या तपासणीशी त्याचा संबंध येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा उंदरांच्या मेंदूची चित्रं फार शक्तिशाली चुंबकात काढत होते. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या उंदराच्या मेंदूत बारीक काळ्या रेषा दिसत. तोच उंदीर शुद्ध ऑक्सिजनवर ठेवला की रेषा पुसल्या जात. त्या रेषा म्हणजे रक्तवाहिन्या होत्या. ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन गॅडोलिनियमसारखंच काम करत होतं, शेजारचं चुंबकीय क्षेत्र विस्कटत होतं. फक्त ते फार सौम्य होतं. ओगावा यांनी या परिणामाला 'बोल्ड' असं संक्षिप्त नाव दिलं. अर्थ एवढाच की हा काँट्रास्ट रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असतो.

आता तुम्ही म्हणाल, मेंदूचा भाग कामाला लागला की तो ऑक्सिजन जास्त वापरणार, म्हणजे तिथे ऑक्सिजन गमावलेलं रक्त वाढणार, म्हणजे चित्र आणखी काळं व्हायला हवं. प्रत्यक्षात उलट होतं, तो भाग उजळतो. याचं कारण पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांनी पेट स्कॅन वापरून १९८६ मध्येच शोधलं होतं. कामाला लागलेल्या भागात रक्ताचा प्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढला होता, पण ऑक्सिजनचा वापर जेमतेम ५ टक्क्यांनी. लग्नघरात पाहुणे वाढले की आपण दूध मागवतो, आणि ते नेहमीच गरजेपेक्षा जास्त येतं. मेंदूही तसंच करतो. मागणी थोडी वाढली तरी पुरवठा भरपूर पाठवतो. त्यामुळे त्या भागातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन उलट जास्त उरतो, काळवंडवणारं हिमोग्लोबिन कमी होतं, आणि चित्र किंचित उजळतं.

बॉस्टनच्या त्याच केंद्रात, बेलिव्हो यांच्याच सहकाऱ्यांपैकी केनेथ क्वाँग यांनी १९९१ मध्ये इंजेक्शन न देता प्रयोग करून पाहिला. प्रकाश लावला की दृष्टिकेंद्र उजळे, बंद केला की पूर्ववत होई. हे हवं तितक्या वेळा करता येत होतं. १९९२ मध्ये क्वाँग यांचा गट, मिनेसोटा विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसह ओगावा, आणि विस्कॉन्सिनमधले पीटर बँडेटिनी यांनी माणसांवरचे निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. गॅडोलिनियमवाला गाजलेला लेख छापून वर्षही उलटलं नव्हतं, आणि फंक्शनल एमआरआयमधून सुई बाहेर पडली होती.

त्याची किंमत मात्र मोजावी लागली. नेहमीच्या यंत्रात बोल्डचा बदल एक-दोन टक्क्यांचाच असतो. एवढा बारीक फरक पकडायला तेच काम पुन्हा पुन्हा करून सरासरी काढावी लागते. म्हणून फंक्शनल एमआरआयमध्ये तुम्हाला "बोटं हलवा, थांबा, हलवा, थांबा" असं अनेकदा सांगतात, आणि "डोकं अजिबात हलवू नका" असं बजावतात. डोकं थोडं जरी हललं तरी त्याचा गोंधळ खऱ्या बदलापेक्षा मोठा ठरू शकतो.

मग इंजेक्शनवाली पद्धत गेली कुठे?

ती गेली नाही, तिने काम बदललं. डायचा लोंढा मेंदूतून जाताना चित्र किती काळवंडतं हे मोजण्याची बॉस्टनची युक्ती आज 'परफ्यूजन एमआरआय' म्हणून वापरली जाते. पक्षाघातात मेंदूचा कोणता भाग रक्ताविना उपाशी आहे, गाठीत नव्या रक्तवाहिन्या किती दाटल्या आहेत, रेडिएशननंतर दिसणारा डाग म्हणजे गाठच परत आली आहे की उपचाराचा परिणाम आहे, अशा प्रश्नांना तिची मदत होते. इथे एकाच इंजेक्शनमध्ये काम होतं आणि रुग्णाच्या उपचारात त्याने फरक पडू शकतो.

संशोधकांनी फंक्शनल एमआरआयसाठी दुसरे काँट्रास्टही तपासले. लोहाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण रक्तात सोडले तर ते तासन्‌तास फिरत राहतात. त्यामुळे एका इंजेक्शनवर पुष्कळ मोजमापं घेता येतात, आणि संकेतही बोल्डपेक्षा ठळक मिळतो. २००१ पासून माकडांच्या मेंदूच्या अभ्यासात ही पद्धत रुळली. माणसांमध्ये 'फेरुमॉक्सिटॉल' या औषधाचा असा वापर करून पाहिला गेला. मुळात ते किडनीच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी दिलं जाणारं लोहाचं इंजेक्शन आहे. पण त्याने क्वचित जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मँगनीजही वापरून पाहिलं गेलं. ते कामात असलेल्या पेशींमध्ये शिरतं, म्हणून प्राण्यांच्या प्रयोगात फार उपयोगी आहे, पण जास्त मात्रेत ते मज्जापेशींना घातक असतं. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या फंक्शनल एमआरआयमध्ये यातलं काहीही वापरत नाहीत.

गॅडोलिनियमची उलटतपासणी

थोरोट्रास्टचा धडा आठवतो ना? गॅडोलिनियमच्या बाबतीतही तो प्रश्न उशिरा का होईना, विचारला गेला.

१९९७ पासून किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांमध्ये कातडी जाड आणि ताठ होण्याचा एक नवाच आजार दिसू लागला. त्याला पुढे 'नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस' असं नाव मिळालं. त्याचं कारण अनेक वर्षं कळत नव्हतं. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या थॉमस ग्रोबनर यांनी त्याचा संबंध गॅडोलिनियमशी असावा असं दाखवलं. किडनी काम करत नसेल तर औषध शरीरात रेंगाळतं, आणि पिंजरा सैल असेल तर गॅडोलिनियम त्यातून सुटतं. २००७ मध्ये अमेरिकेत या औषधांवर कडक इशारा आला. काँट्रास्ट देण्याआधी किडनीची तपासणी होऊ लागली, अशा रुग्णांना जोखमीचे प्रकार देणं थांबलं, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

२०१४ मध्ये जपानमधले तोमोनोरी कांडा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना अनेकदा गॅडोलिनियम दिलं गेलं होतं, त्यांच्या मेंदूतल्या काही खोल भागांत साध्या एमआरआयवरही वेगळी चमक दिसत होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत मेंदूत गॅडोलिनियमचे अंश प्रत्यक्ष सापडल्याचं प्रसिद्ध केलं. हे साठणं मुख्यतः 'लिनिअर' म्हणजे उघड्या साखळीसारख्या पिंजऱ्याच्या औषधांत जास्त होतं. 'मॅक्रोसायक्लिक' म्हणजे चारी बाजूंनी बंद पिंजऱ्याच्या औषधांत ते पुष्कळ कमी असतं.

२०१७ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने अनेक लिनिअर औषधांचा शिरेतून होणारा वापर थांबवला. बेलिव्हो यांच्या ऐतिहासिक प्रयोगात वापरलेलं गॅडोलिनियम-डीटीपीए त्यांतलंच एक. त्याच वर्षी अमेरिकेच्या संस्थेने सांगितलं की किडनी चांगली असलेल्या रुग्णांमध्ये या साठण्यामुळे थेट अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, गरज असेल तिथे फायदा जोखमीपेक्षा मोठाच आहे, पण विनाकारण पुन्हा पुन्हा देणं टाळावं.

थोरोट्रास्टचे परिणाम कळायला दशकं गेली. इथेही वेळ लागला, पण इशारे आले, नियम बदलले आणि औषधंही बदलली.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या फंक्शनल एमआरआयला डाय लागत नाही. डाय न टाकता केला म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. त्यात काँट्रास्ट असतोच, तो तुमच्या रक्तातला असतो.

दुसरी गोष्ट, त्याच दिवशी त्याच यंत्रात गाठीचं स्वरूप पाहण्यासाठी किंवा परफ्यूजनसाठी तुम्हाला गॅडोलिनियम दिलं जाऊ शकतं. सहसा आधी फंक्शनल भाग होतो आणि मग इंजेक्शन. "तुम्ही तर म्हणाला होतात डाय नाही!" असं वाटून गोंधळू नका. या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

तिसरी गोष्ट, फंक्शनल एमआरआय पेशींचं काम थेट पाहत नाही, त्या कामामागून येणारं रक्त पाहतो. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतील तर पेशी काम करत असूनही तिथलं रक्त नीट प्रतिसाद देत नाही, आणि जिवंत भाग चित्रात गप्प दिसू शकतो. म्हणून सर्जन एकट्या या चित्रावर विसंबत नाहीत. गरज पडल्यास ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूची प्रत्यक्ष चाचणी घेतात. तसं सुचवलं गेलं तर घाबरू नका. त्यामागे हेच कारण असतं.

चौथी गोष्ट, सीटीचा डाय आणि एमआरआयचा डाय वेगळे. एक आयोडीनचा, दुसरा गॅडोलिनियमचा. सीटीच्या डायची अ‍ॅलर्जी आली होती म्हणून एमआरआयचा डाय चालणारच नाही, असं नसतं. पण पूर्वी कोणत्याही डायची रिअ‍ॅक्शन आली असेल तर ती आवर्जून सांगा.

आणि काँट्रास्ट द्यायचा ठरलाच, तर हे प्रश्न मोकळेपणाने विचारा :

- या इंजेक्शनमुळे माझ्या उपचारात काय फरक पडणार आहे?
- माझा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला आहे का? (डायलिसिस चालू असेल, किडनीचा जुना आजार असेल, तर हे आधीच सांगा.)
- औषध मॅक्रोसायक्लिक प्रकारचं आहे का?
- मागच्या एमआरआयला डाय दिला होता, या वेळी पुन्हा खरंच लागेल का?

गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर तेही लपवू नका. अगदी टाळता येत नसेल तरच गरोदरपणात गॅडोलिनियम दिलं जातं.

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर "गाठ किती पसरली आहे ते कळेल" किंवा "औषध बदलायचं की नाही ते ठरेल" असं असेल, तर निर्धास्तपणे हात पुढे करा. भीतीपोटी गरजेचा काँट्रास्ट नाकारला आणि त्यामुळे गाठ किंवा संसर्ग नजरेतून सुटला, तर होणारं नुकसान त्या सुईपेक्षा खूप मोठं असतं. आणि उत्तर "असंच, सगळ्यांनाच देतो" असं आलं, तर दोन मिनिटं थांबून आपल्या डॉक्टरांशी पुन्हा बोलायला काहीच हरकत नाही. तो तुमचा हक्क आहे.

जुने रिपोर्ट आणि आधी कोणता डाय दिला होता याची नोंद एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या एमआरआयला जाताना ती फाइल न विसरता सोबत घ्या. नेमका डाय कधी हवा आणि कधी नको, हे ठरवायला तुमच्या डॉक्टरांना त्याची फार मदत होते.